वसंत-उन्हाळ्यात ट्रेक आणि स्कीइंग एकाच ट्रिपमध्ये: प्लॅन उतरायच्या वेळेपासून मागे करत या

खाली मोकळ्या वाटेने चालायचं, वर बर्फ लागला की स्की लावायचे, वर जायचं आणि मस्त घसरत खाली यायचं. कागदावर ही ट्रिप फार सोपी दिसते. बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: लोक आधी शिखर निवडतात, मग सुट्टी टाकतात, मग सामान गोळा करतात आणि "उतरायचं किती वाजता" हा प्रश्न थेट वर पोचल्यावर पडतो. या दिवसांत बर्फ घड्याळावर चालतो. जो उतार सकाळी सातला इतका टणक असतो की स्कीच्या कडा धरत नाहीत, तोच दहाच्या सुमारास झकास होतो आणि दुपारी एकला त्यावर उभं राहणं धोक्याचं. म्हणून उतरायची वेळ आधी, आणि तिथून मागे मागे येत निघायची वेळ, मुक्काम, तारखा, सामान.

हा लेख ज्यांना तयार पिस्टवर, म्हणजे रिसॉर्टने यंत्राने सारख्या केलेल्या उतारावर, नीट स्कीइंग येतं आणि दिवसभर चालायची सवय आहे त्यांच्यासाठी आहे. स्कीइंग अजून शिकत असाल तर टप्पा १ मधला फक्त पहिला प्रकार तुमचा.

## टप्पा १: ही नेमकी कोणत्या प्रकारची ट्रिप आहे ते ठरवा

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि मग एकीची तयारी करून दुसरीवर जातात.

पहिला प्रकार, सकाळी लिफ्टने ग्लेशियरवर (हिमनदीवर) जाऊन स्कीइंग आणि दुपारी खाली येऊन हायकिंग. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झरमॅट इथे ग्लेशियरवर वर्षभर स्कीइंग चालतं, इटलीतल्या स्टेल्व्हिओ पासला तर उलटंच आहे, हिवाळ्यात रस्ताच बंद असतो म्हणून तिथल्या लिफ्ट फक्त उन्हाळ्यात चालतात. इथे टूरिंगचं, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरून वर चढायचं, सामान लागत नाही, भाड्याचे साधे स्की चालतात.

दुसरा, एका दिवसात स्की पाठीवर घेऊन बर्फापर्यंत चालत जायचं, वर चढायचं आणि उतरायचं. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रव्हीनला एप्रिल-मेमध्ये लोक हेच करतात, पिंकहॅम नॉचपासून हर्मिट लेकपर्यंत साधारण ४ किलोमीटरची चढण आणि मग समोर तीव्र उताराचा, वाडग्यासारखा मोठा खोलगट भाग. तिथे लिफ्ट नाही, तयार केलेला पिस्ट नाही.

तिसरा, हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) मुक्काम करत कित्येक दिवस स्कीवरून एका दरीतून दुसऱ्या दरीत, उदाहरणार्थ शामोनी ते झरमॅटचा हॉट रूट. त्याची स्की टूरिंगची वेळ साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आणि त्याच नावाचा चालायचा रूट जुलै ते सप्टेंबरचा, शिवाय त्याची वाटही वेगळी, ग्लेशियर टाळत खालून जाणारी. नाव एकच म्हणून एकाची माहिती वाचून दुसऱ्याचं बुकिंग करणारे लोक खरंच असतात.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारासाठी आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. तिसऱ्या प्रकारात ग्लेशियर ओलांडायचं असेल तर दोर, हार्नेस आणि ग्लेशियरच्या भेगेत पडलेल्याला बाहेर काढायचा सराव हवा, नसेल तर सर्टिफाइड माउंटन गाईड घ्या. यावर घासाघीस नको.

सावध: ग्रुपची पातळी ठरते ती सगळ्यात कच्च्या माणसावरून, आणि दोन्ही बाबतीत वेगवेगळी. चालायला दणकट असलेला माणूस उतारावर कच्चा असू शकतो आणि उलटही. दोन्ही आधी विचारून घ्या, अंदाज बांधू नका.

## टप्पा २: तारखा ठरवताना दोन सीझनच्या मधल्या फटीत अडकू नका

मे-जूनची मोठी गोची अशी की हिवाळ्याची सोय बंद झालेली असते आणि उन्हाळ्याची सुरू झालेली नसते. आल्प्समधले बरेच हट मेच्या सुमारास बंद होतात आणि जूनच्या उत्तरार्धात परत उघडतात, उंचावरचे रस्ते बर्फ काढून झाल्याशिवाय खुले होत नाहीत, केबल कार दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद असतात आणि खाली गावातल्या भाड्याच्या दुकानांनी स्की आवरून सायकली बाहेर काढलेल्या असतात. तुम्ही पोचता तेव्हा बर्फ मस्त असतो पण तिथपर्यंत जायला काही नसतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही, या क्रमाने बघा:

१. रस्ता आणि पार्किंग. वाटेची सुरुवात जिथून धरलीय तिथपर्यंत गाडी त्या आठवड्यात खरंच जाते का? चार किलोमीटर अलीकडे गेट बंद असेल तर तेवढं चालणं दोन्ही बाजूंनी वाढलं.

२. लिफ्टचं वेळापत्रक, तारखांसकट. उन्हाळ्यात ग्लेशियरवरच्या लिफ्ट सकाळी लवकर सुरू होऊन बऱ्याच ठिकाणी दुपारच्या सुमारास थांबतात, त्यामुळे "आधी हाइक मग स्की" हा क्रम तिथे जमतच नाही.

३. हट. उघडा आहे, स्टाफ आहे, जेवण आहे, की फक्त विंटर रूम (स्टाफ नसताना उघडी ठेवलेली खोली) उघडी आहे? या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

४. भाड्याचं सामान. फोन किंवा मेल करून साइजसकट बुक करा.

५. शेवटी बर्फ. आणि बर्फ बघायचा तर मागच्या वर्षीचे फोटो बघून उपयोग नाही, स्नोलाईन (ज्या उंचीपासून वर बर्फ असतो ती रेषा) वर्षागणिक कित्येक आठवडे पुढेमागे होते. वेबकॅम बघा, जवळच्या हवामान केंद्राची बर्फाची जाडी बघा आणि सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं बघा, साधारण दर पाच दिवसांनी नवीन येतं आणि ढग नसले तर बर्फ नेमका कुठे संपतो ते त्यात सरळ दिसतं. दोन लागोपाठची चित्रं शेजारी ठेवली की स्नोलाईन किती झपाट्याने वर सरकतेय तेही कळतं.

दक्षिण गोलार्धात जात असाल तर महिने उलटे, तिथला वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आणि दिशाही उलट्या, तिथे ऊन खाणारा उतार उत्तरेकडचा. पुढे जे काही दिशांबद्दल लिहिलंय ते उत्तर गोलार्धाचं आहे.

अजून एक. सात दिवसांची ट्रिप असेल तर "सोमवारी स्की, मंगळवारी हाइक" असं पक्कं करू नका. स्कीचा दिवस आणि हाइकचा दिवस एकमेकांशी बदलता यायला हवेत, कारण कोणत्या रात्री बर्फ गोठेल ते आधी माहीत नसतं. निरभ्र थंड रात्र गेली की सकाळी स्की, रात्रभर ढग आणि उकाडा असला की खालच्या वाटेवर हाइक. एवढं लवचिक ठेवलं तरी निम्मे प्रॉब्लेम येत नाहीत, पण त्यासाठी मुक्काम एकाच जागी हवा, रोज हॉटेल बदललं की हे जमत नाही.

चेक: रस्ता, लिफ्ट, हट, भाडं आणि बर्फ या पाचांपैकी एकाचं जरी उत्तर "बहुतेक असेल" असं असेल तर तिकीट थांबवा.

## टप्पा ३: नकाशावर वाटेचे तीन पट्टे पाडा

बहुतेक लोक दोनच पट्टे धरतात, कोरडी वाट आणि बर्फ. मधला तिसरा कुणी धरत नाही आणि सगळा वेळ तिथेच जातो. हा मधला पट्टा म्हणजे स्नोलाईनच्या खाली-वर दोनेकशे मीटर उंचीचा भाग, जिथे बर्फाचे तुकडे, मधे चिखल, आडव्या पडलेल्या फांद्या, बर्फाखालून वाहणारं पाणी, आणि वाट कुठे गेली ते दिसत नाही. स्की लावावेत तर शंभर पावलांवर बर्फ संपतो, काढावेत तर लगेच गुडघाभर रुततं. त्याला वेगळा वेळ द्या.

वेळेच्या हिशोबासाठी स्की टूरिंगवाले मुंटरची पद्धत वापरतात, सोपी आहे. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्यात चढ शंभर मीटरच्या हिशोबात मिळवा. आलेल्या आकड्याला चढताना ४ ने भागा, पायी उतरताना ६ ने आणि स्कीवरून उतरताना १० ने. उत्तर तासात.

समजा कोरडी वाट ५ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ. ५ + ४ = ९, भागिले ४, म्हणजे सव्वादोन तास. वर बर्फावर ३ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ. ३ + ९ = १२, भागिले ४, तीन तास. झाले सव्वापाच. आता यात मधल्या पट्ट्याचा अर्धा तास, बूट बदलणं-स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) लावणं याचा पाऊण तास आणि थोडं खाणंपिणं, म्हणजे पावणेसात तास धरा. उतरायला सकाळी दहा ही वेळ ठरवली असेल तर निघायचं सव्वातीनला. हा आकडा बघून ज्यांचा चेहरा पडतो त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात, एकतर छोटा रूट घ्यावा नाहीतर आदल्या रात्री स्नोलाईनजवळ मुक्काम करावा. "आपण जरा फास्ट चालू" हा तिसरा पर्याय नाही, पाठीवर स्की असताना तर अजिबात नाही.

मग उताराचा कोन बघा. बहुतेक डिजिटल नकाशांत तीव्र उतार रंगाने दाखवायचा लेयर असतो, तो चालू करा. स्लॅब, म्हणजे बर्फाचा सलग थर, सुटून होणारे हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि फक्त तुमच्या पायाखालचा उतार नाही तर डोक्यावरचा उतारही बघायचा, कारण तुम्ही सपाट जागी जेवत असलात तरी वरचा बर्फ खालीच येणार. टकरमनमध्ये लोक ज्या लंच रॉक्सवर बसून डबा उघडतात ती जागा वरून तुटणाऱ्या आईसच्या वाटेत येते, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक तिथे निवांत बसतात.

आणि ओढे. बर्फाच्या पाण्याचा ओढा पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळी सगळ्यात जास्त असतो. जाताना दगडावरून उड्या मारत पार केलेला ओढा येताना मांडीपर्यंत लागू शकतो, म्हणून नकाशावर प्रत्येक पार करायच्या जागेला खूण करा आणि पूल कुठे आहे तेही शोधून ठेवा.

सावध: जीपीएस ट्रॅक डाउनलोड करताना तो कोणत्या महिन्यातला आहे ते बघा. ऑगस्टचा ट्रॅक ज्या घळीतून सहज जातो, मेमध्ये तिथे बर्फाखाली पाणी वाहत असतं.

## टप्पा ४: घड्याळ बसवा

वसंतातला चांगला बर्फ तयार होतो तो दिवसा वितळून रात्री गोठण्यातून. असं बरेच दिवस झालं की दाणे मोठे होतात, रात्री एकमेकांना घट्ट चिकटतात आणि सकाळी ऊन लागल्यावर फक्त वरचे एक-दोन सेंटिमीटर सुटतात. त्याला कॉर्न म्हणतात. वरचा थर जाड रव्यासारखा मोकळा आणि खाली भक्कम, स्की अशा वेळी आपोआप वळल्यासारखे वाटतात. हे एका उतारावर फार तर तास-दोन तास टिकतं. त्याआधी गेलात तर घसरगुंडी, नंतर गेलात तर लगदा, आणि लगद्यासोबत ओल्या बर्फाचे स्खलन.

गोठण्यासाठी नुसतं तापमान बघणं चुकीचं आहे. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो, उलट ढगांचं पांघरूण असेल तर हवा थंड असूनही पुरेसा गोठत नाही. म्हणजे फोरकास्टमध्ये रात्रीच्या तापमानाइतकाच रात्रीच्या ढगांचा आकडा महत्त्वाचा, जो कुणी उघडूनही बघत नाही. उंचीनुसार तापमान साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं, त्यावरून गावातल्या आकड्याचा वरचा अंदाज काढता येतो, पण निरभ्र रात्री थंड हवा दरीत साचते आणि हे गणित उलटतं, त्यामुळे त्या उंचीवरचा फोरकास्ट मिळत असेल तर तोच घ्या.

दिशेचा क्रम सोपा आहे. पूर्वेचा उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. उत्तरेचा सगळ्यात शेवटी आणि वसंताच्या सुरुवातीला कधीकधी होतच नाही, तिथे अजून हिवाळ्याचा बर्फ असतो आणि त्याचे धोकेही हिवाळ्याचे. तुमचा उतार पूर्वेकडचा असेल तर "दहा वाजता उतरू" हे उशिराचंही असू शकतं, मे-जूनमध्ये ऊन फार लवकर चढतं.

हिमस्खलनाचं बुलेटिन निघत असेल तर ते आदल्या संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही वेळा वाचा. पातळ्या १ ते ५ असतात, आणि वसंतात बऱ्याचदा सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी पातळी देतात. नुसता सकाळचा आकडा बघून निघालात तर अर्धंच वाचलंत. सीझन संपला की बरीच बुलेटिन बंद होतात. बुलेटिन नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, तो आता कुणी मोजत नाहीये एवढाच.

चेक: कागदावर तीन वेळा लिहा: निघायची, परत फिरायची आणि तीव्र उतारांवरून पूर्ण बाहेर पडायची. परत फिरायची वेळ झाली की शिखर पन्नास मीटरवर असलं तरी फिरायचं, हे ग्रुपमध्ये आदल्या रात्री सगळ्यांनी कबूल करायचं, वर गेल्यावर वाद घालायला कुणाचं डोकं जागेवर नसतं.

## टप्पा ५: सामान, आणि ते कुठे काढून ठेवायचं

लांब लिस्ट सगळीकडे मिळते, ती परत देत नाही. जिथे चुकतं तेवढंच सांगतो.

वजन. टूरिंगचे स्की, बाईंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) आणि बूट मिळून सहा ते आठ किलो सहज होतात, रिसॉर्टवरचे जड सामान असेल तर त्याहून बरंच जास्त. हे सगळं कोरड्या वाटेवर तुमच्या पाठीवर असणार. बॅगेला दोन्ही बाजूंना एकेक स्की लावून वर टोकं बांधली की तोल बरा राहतो, पण झाडीच्या अरुंद वाटेवर वरची टोकं प्रत्येक फांदीत अडकतात आणि तीव्र उतरणीवर मागची टोकं दगडांवर आपटून तुम्हाला पुढे ढकलतात. अशा ठिकाणी दोन्ही स्की एकत्र तिरके लावा. बूट बॅगेच्या खाली लोंबत ठेवू नका, दर पावलाला ढुंगणावर बसतील. घरी एकदा सगळं लावून जिने चढून बघा, नेमकं काय टोचतं ते दहा मिनिटांत कळतं.

चालायचे बूट. स्की बूट घालून पाच किलोमीटर कोरडी वाट चालायचा मोह आवरा, सोल झिजतो आणि टाचा सोलवटून निघतात. हलके ट्रेल शूज घालून जा, बर्फाच्या कडेला बदला आणि शूज तिथे ठेवा. इथे दोन गमती होतात. एक, मार्मोट नावाचा प्राणी घामाच्या मिठासाठी शूज कुरतडतो, म्हणून पिशवीत घालून फांदीला उंच टांगायचे, दगडाखाली लपवायचे नाहीत, आणि जीपीएसवर खूण करायची. दोन, ज्यांनी चढायला एक बाजू आणि उतरायला दुसरी बाजू निवडली त्यांचे शूज डोंगराच्या पलीकडे राहतात. ऐकायला विनोदी वाटतं, पण प्लॅन करताना हे खरंच सुटतं. दुसऱ्या बाजूने उतरायचं असेल तर शूज बॅगेत न्यावेच लागतात, ते वजन धरा.

सुरक्षेचं सामान म्हणजे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे. दोघांत एक असं चालत नाही, कारण गाडला गेलेला माणूस स्वतःचं फावडं वापरू शकत नाही. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर जगायची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते, म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत थांबणं हा प्लॅन नाही. फोन ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवा.

क्रॅम्पॉन (बूटाखाली लावायचे धातूचे दात) आणि आईस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) पहाटेच्या टणक बर्फासाठी. क्रॅम्पॉन तुमच्या स्की बूटावर बसतात का ते घरीच बघा. स्कीखाली लावायचे स्की क्रॅम्पॉनसुद्धा घ्या, ते बाईंडिंगच्या मॉडेलनुसार आणि स्कीच्या रुंदीनुसार वेगळे असतात, आणि ते नसल्यामुळे पहाटे सहाच्या तिरक्या चढणीवर अडकलेले लोक दर वसंतात दिसतात. हेल्मेट चढतानाही घाला, वरून दगड सुटतात.

ऊन. उंची दर हजार मीटरला वाढली की यूव्ही साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतं आणि ताजा बर्फ त्यातला ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. चष्मा बाजूने बंद असलेला, कॅटेगरी ४ चा (सगळ्यात गडद काचेचा), आणि एक जादाचा ग्रुपमध्ये. मात्र कॅटेगरी ४ घालून गाडी चालवायची नाही. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा.

स्किन्स. उन्हाळ्यात ओला बर्फ चिकटून खाली गोळे होतात, पाय उचलतच नाही. स्किन वॅक्सचा तुकडा खिशात ठेवा. आणि दुसऱ्या चढाईसाठी परत लागणार असतील तर काढल्यावर जॅकेटच्या आत ठेवा.

सावध: बाईंडिंगचं सेटिंग मित्राच्या आकड्यावरून करू नका. वजन, उंची, वय, बूटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून ते ठरतं, दुकानातल्या टेक्निशियनकडूनच करून घ्या. विमानाने एअरबॅग बॅग (हिमस्खलनात फुगवायची बॅग) नेणार असाल तर तिच्या सिलिंडरबद्दल एअरलाईनला आधी विचारा, भरलेला सिलिंडर सगळीकडे चालत नाही.

## टप्पा ६: शरीर, उंची आणि सराव

दोन महिने आधीपासून वजन घेऊन चढणं आणि वजन घेऊन उतरणं. उतरणं महत्त्वाचं, कारण मांड्या तिथेच संपतात आणि या ट्रिपमध्ये सकाळी थकलेल्या मांड्यांवर स्की करायचं असतं आणि परत स्की पाठीवर घेऊन पायी उतरायचं असतं.

३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबा. लिफ्टने अर्ध्या तासात साडेतीन हजारावर जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी चढाईचा प्लॅन ठेवू नये. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा गरगरणं असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बोलणं गोंधळतंय किंवा नुसतं बसून दम लागतोय, तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

सराव दोन गोष्टींचा घरीच होतो: ग्लोव्हज घालून स्किन्स लावणं-काढणं, आणि ट्रान्सीव्हरने लपवलेला दुसरा ट्रान्सीव्हर शोधणं. तीव्र उतारावरची किक टर्न (चढताना एकेक स्की उचलून दिशा बदलणं) मात्र पिस्टच्या कडेला करून बघावी लागते.

## टप्पा ७: कागदपत्रं, पटकन

इन्शुरन्समध्ये चार शब्द शोधा: पिस्टबाहेरचं स्कीइंग, ग्लेशियर, हेलिकॉप्टर रेस्क्यू आणि उंचीची मर्यादा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत यातलं एखादं तरी वगळलेलं असतंच. परमिट लागतं का, पार्किंगचं बुकिंग लागतं का ते बघा. युरोपात इमर्जन्सी नंबर ११२. डोंगरात रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर असेल तर निघायच्या आधी त्याचं सबस्क्रिप्शन चालू आहे का बघा. खाली थांबलेल्या एका माणसाला रूट आणि "या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कळव" अशी नेमकी वेळ लिहून द्या.

## टप्पा ८: प्रत्यक्ष दिवस, क्रमाने

१. आदल्या रात्री बॅग भरा, स्किन्स स्कीला लावून बघा, हेडलॅम्प चार्ज. पहाटे तीनला काहीच शोधायची वेळ येऊ नये.

२. पार्किंगमध्ये सगळ्यांचे ट्रान्सीव्हर चालू करून एकेकाचा सिग्नल तपासा. एकजण पुढे उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. दोन मिनिटं लागतात.

३. वर आकाशात तारे दिसतायत का बघा. ढग असतील तर तिथेच प्लॅन बी.

४. पहिला सलग बर्फ लागला की काठी दाबून बघा. टोक टक्क वाजून वरच थांबलं तर गोठलंय. वर पातळ पापुद्रा आणि जोर लावल्यावर काठी खालच्या चकतीपर्यंत आत गेली, तर रात्री गोठलंच नाही. थोडं वर जाऊन परत बघा, उंचीवर चित्र वेगळं असू शकतं. तरीही तसंच असेल तर तीव्र उतार आज रद्द, शिखर विसरा, हाइक करा.

५. बूट बदला, शूज टांगा, खूण करा. ओला सॉक्स बदला, ओल्या सॉक्सवर स्की बूट घातला की दहाव्या मिनिटाला फोड.

६. चढताना आजूबाजूला बघत राहा. खडकांच्या कडेला बर्फ आणि दगड यांच्यामध्ये फट पडलेली असते आणि वरून ती झाकलेली असते, त्यामुळे खडकाला चिकटून चालू नका. बर्फाखालून पाण्याचा आवाज आला तर बाजूला व्हा. ज्या घळीतून उतरायचंय तीच घळ शक्यतो चढून जा, म्हणजे उतरताना खाली काय आहे ते माहीत असतं.

७. ठरलेली वेळ झाली की थांबा. उतार अजून टणक असेल तर वर वाट बघणं ठीक, पण मर्यादेत. उतरायला सुरुवात करायची योग्य वेळ म्हणजे बूट एक-दोन सेंटिमीटर रुततो तेव्हा. घोट्यापर्यंत रुतायला लागला तर निघायलाच हवं, आणि नडगीपर्यंत रुतला तर तीव्र उतार सोडून सौम्य धारेने खाली या. उतारावर आपोआप बर्फाच्या गुंडाळ्या घरंगळायला लागल्या तर तोच इशारा.

८. उतरताना तीव्र भागात एकावेळी एकजण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवून. खाली थांबायचं ते बाजूला, रेषेच्या बरोबर खाली नाही.

९. शेवटचे बर्फाचे पट्टे अजून दोन वळणं मिळतील म्हणून ताणू नका. सगळ्यात जास्त गुडघे इथेच जातात, पातळ बर्फाखाली दगड आणि फांद्या असतात आणि माणूस आता संपलं म्हणून सैल झालेला असतो. स्की काढा आणि चाला.

१०. ओढा सकाळपेक्षा वाढलेला असेल तर पूल शोधा. पाण्यात उतरावंच लागलं तर बॅगेचे कमरेचे आणि छातीचे बक्कल सोडा, म्हणजे पडलात तर बॅग लगेच टाकता येते.

## टप्पा ९: परत आल्यावर, त्याच संध्याकाळी

दुसऱ्या दिवशी परत जायचं असेल तर हे टाळता येत नाही. बूटांचे लायनर (आतले मऊ बूट) बाहेर काढून वाळवा, कवचाचे बक्कल सैलसर लावून ठेवा म्हणजे प्लास्टिक वाकडं होत नाही. स्किन्स सावलीत पसरून वाळवा, हीटरवर किंवा थेट उन्हात नाही, गोंद वितळतो आणि पुढच्या वेळी अर्धा स्कीवर राहतो. वाळल्यावर गोंदाची बाजू आत करून घडी घाला. स्कीच्या कडा पुसून कोरड्या करा नाहीतर सकाळपर्यंत गंज धरतो. आणि मग, जेवायच्या आधी, रात्रीच्या ढगांचा फोरकास्ट उघडा, उद्या स्की की हाइक ते त्यावरून ठरवा आणि गजर लावा.